पाच कट्टै

नित्याने नादकाटा रबराच्या ठोकळ्यावर आपटून मॅडमच्या हातात दिला आणि श्रीविद्याने तो सवयीने डाव्या कानाशी धरला. काही नव्हतं. "नीट आपटला नाहीस," ती म्हणाली. नित्याने काटा परत घेतला, स्वतःच्या कानाशी नेला आणि जरा ओशाळून म्हणाली, "वाजतोय, मॅडम." टेबलाभोवतीच्या चौघींपैकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. नळीतली पाण्याची पातळी खाली करत त्या पुढच्या वाचनाकडे वळल्या, आणि श्रीविद्याने वहीत तापमान लिहिलं, एकोणतीस अंश. बॅच सुटल्यावर तिने प्रयोगशाळेचं दार लोटलं, पंखे बंद केले आणि काटा आपटून आधी उजव्या कानाशी धरला. ऐकू आला, पण भिंतीपलीकडून यावा तसा. डाव्या कानाशी नाहीच. मग तिने काट्याचा दांडा डाव्या कानामागच्या हाडावर टेकवला, तर डोकं आवाजाने भरून गेलं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. हवेतून कमी, हाडातून जास्त. याचा अर्थ शोधायला पुस्तक उघडायची गरज नव्हती. आतली नस शाबूत आहे. मधल्या कानातलं तांदळाच्या दाण्याएवढं हाड जागच्या जागी घट्ट होत चाललंय. हे रक्तातून येतं, बायकांत जास्त, आणि हळूहळू वाढतं. आईचं असंच झालं होतं. कुकरच्या शिट्ट्या तिला मोजता यायच्या नाहीत आणि घरातले सगळे हसायचे, आईसुद्धा. काटा पेटीत ठेवून श्रीविद्या स्टुलावर बसून राहिली. तिला दुःख झालं नाही, नुसतं दमल्यासारखं वाटलं, एखादं लांबलेलं काम अखेर आपल्याच टेबलावर येऊन पडावं तसं. आज मंगळवार होता. शनिवारी संध्याकाळी गायत्रीअक्काचं गाणं होतं, आणि चौतीस वर्षं अक्काच्या मागे तंबुरा घेऊन तीच बसत आली होती.

पोंगल उरकला की विद्यापीठात पंधरा दिवस कलैविळा चालतो. नाटकं, गाणी, चित्रं, मुलांचे पथनाट्याचे ढोल, ग्रंथालयाच्या तळमजल्यावर पितळी मूर्ती ओतण्याचं प्रात्यक्षिक, आणि या सगळ्यावर कुलगुरूंच्या चेहऱ्याचे फलक. श्रीविद्या समितीत होती ती वेळापत्रकासाठी. भौतिकशास्त्राच्या बाईंना आकडे चुकत नाहीत, असा समितीचे प्रमुख विजयराघव सर यांचा विश्वास होता. नाटकाला पन्नास मिनिटं, रंगमंच आवरायला बारा, भाषणांना चार अधिक चार; भाषणं नेहमी दुप्पट होतात हे तिने समितीतल्या आठव्या वर्षी गृहीत धरायला सुरुवात केली होती. त्या आठवड्यात ती सभागृहाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिली आणि पहिल्यांदाच तिने स्वतःकडे एखाद्या उपकरणाकडे पाहावं तसं पाहिलं. बोलणाऱ्याच्या डाव्या बाजूला आपण आपोआप जातो, म्हणजे आपला उजवा कान त्याच्याकडे होतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या ओठांकडे आपण बघतो. विजयराघवना आपण फोन करत नाही, निरोप टाइप करतो. हे कधीपासून? पुण्याहून आलेल्या नाटक मंडळींतली एक नटी तिला जेवणाच्या रांगेत म्हणाली, "तुम्ही घरी मराठी बोलता? बोला ना थोडं." श्रीविद्या आपल्या तंजावरी मराठीत दोन वाक्यं बोलली. नटी खूश झाली. "अगदी पोथीतून उतरल्यासारखं." पुढे ती अजून काही म्हणाली ते पंख्यांच्या आवाजात श्रीविद्याला ऐकू आलं नाही, आणि तिने मान डोलावली. मान कशाला डोलावली, याचा विचार ती हात धुताना करत होती. गेली दोन वर्षं ती बऱ्याच गोष्टींना मान डोलावत आली होती.

तिरुविडैमरुदूरला, तिच्या घराकडे जाणारी बस कावेरीच्या कडेकडेने जाते तेव्हा खिडकीतून भाताच्या खाचरांचा वास येतो, ओला आणि जरासा आंबूस. त्या वासाबरोबर तिला अप्पांचं घर आठवतं. अप्पा, सेतुराम, शाळेत गणित शिकवायचे आणि घरात गाणं. मोठी गायत्री दहा वर्षांची आणि ही सहा वर्षांची असताना त्यांनी दोघींना समोर बसवून एकेक स्वर लावायला सांगितला. गायत्रीचा ऐकून डोळे मिटले. हिचा ऐकून आईला म्हणाले, "गळा नाहीं. पण कान आहे. ऐकालीस कीं नाहीं, हिला आपण चुकलेलं कळलं." खरंच कळलं होतं. स्वर लागला नाही हे तिला तोंडातून निघतानाच कळलं होतं आणि तिने तो मध्येच सोडून दिला होता. त्या दिवशी घरातली वाटणी झाली. अक्काला गळा आणि हिला कान. पुढे घर विकलं गेलं, दागिने अक्काच्या लग्नात गेले, अप्पा गेले, आई गेली. पण ती पहिली वाटणी तशीच राहिली, कुणी बदलली नाही. श्रीविद्याने लग्न केलं नाही त्यालाही लोक कान हेच कारण देत, थट्टेने. "हिला कुणाचा आवाज पटायचा?" नऊ वर्षांची असताना तिच्या मांडीवर तंबुरा आला, आणि तारा जुळवायला अप्पांनी तिला शिकवलं ते आजही ती वर्गात शिकवते, फक्त वेगळ्या शब्दांत. दोन तारा एकमेकींच्या जवळ आल्या की आवाज हेलकावे खातो. जितक्या जवळ, तितके हेलकावे संथ. मग एका क्षणी हेलकावा येतच नाही, त्याची वाट बघत बसावं लागतं, आणि तो येत नाही. त्या न येण्याइतकी शांत जागा तिला आयुष्यात दुसरी सापडली नव्हती. लोकांना वाटायचं ती बहिणीची सावली आहे. तिने अक्काची पाठ पाहिली होती, चौतीस वर्षं, ब्लाउजच्या गाठीपासून पातळ होत गेलेल्या अंबाड्यापर्यंत, आणि चेहरा कधीच नाही. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पाठीमागे बसूनच तिने जे ऐकलं होतं ते पुढे बसलेल्या कुणी ऐकलं नव्हतं.

बुधवारी पहाटेच्या गाडीने चेन्नईहून अक्का आली. छप्पन्न वर्षांची, गुडघ्यांनी आणखी मोठी. रिक्षातून उतरतानाच बोलत होती. "काय हे, वाळून गेलीस. जेवालीस कीं नुसतीच मुलांना मार्क वाटालीस?" आणि घरात शिरून, चपला काढता काढता, "सांबारांत अजून गूळ घालतेस कां? तंजावर सोडून कोठेंही असं करत नाहींत." श्रीविद्या उजवीकडून फिरून तिच्या समोर उभी राहिली. "तुझ्या सुनेच्या हातचं खाऊन तुझी जीभ मद्राशी झाली." "सून दोन मिनिटांचे नूडल्स करते. त्यांत गूळही नसतो, प्रेमही नसतं." दोघी हसल्या. हसताना श्रीविद्याच्या मनात एकच गोष्ट होती. अक्काला सांगितलं तर ती रडेल, मग डॉक्टरांची नावं काढेल, आणि मग कुणीतरी दुसरं मागे बसेल. आणि दुसरं कुणी बसलं की आपण कोण? हा प्रश्न तिला मोठा वाटला नाही, नाटकी वाटला. पण रिकाम्या डब्यात खडा वाजावा तसा तो दिवसभर वाजत राहिला. हा मात्र ऐकू यायला कान लागत नव्हता.

तंबुरा लावायची त्या दोघींची एक रीत होती. अक्का आंघोळ करून यायची, पाटावर बसायची, डोळे मिटून तोंड बंद ठेवून नुसता हुंकार द्यायची, आणि श्रीविद्या तो हुंकार पकडून तारा त्याच्याकडे न्यायची. आकडा कुणी बोलायचं नाही. तमिळ मुलखात गळ्याची पट्टी कट्टैमध्ये सांगतात, बाजाच्या पट्टीवर बोट ठेवल्यासारखी; आकडा मोठा तितका स्वर उंच. अक्काचे पाच कट्टै; हे अप्पांनी त्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि अक्काच्या माहितीपत्रकांतही छापलेलं असायचं. मंगळवारनंतर श्रीविद्याचा हुंकारावर भरवसा राहिला नव्हता. गेली दोन वर्षं ती गाल तंबुऱ्याच्या दांडीला टेकवून वाजवत होती, आवाज जबड्यातून यायचा, आणि तिला ती म्हातारपणाची सवय वाटली होती. आता त्या सवयीचं नाव तिला माहीत झालं होतं आणि नाव माहीत झालेली गोष्ट वापरायला तिचा हात धजेना. गुरुवारी अक्का न्हाणीघरात असताना तिने फोनवर स्वर मोजणारं ॲप उघडलं, पदराखाली ठेवलं, पाच कट्टैचा आकडा काढला, सेकंदाला एकशे शहाण्णव कंपनं, आणि एकेक खुंटी पिळत गेली. काटा मध्यावर आला की पडदा हिरवा व्हायचा. घोडीवरचा धागा तिने बोटाच्या स्पर्शाने सरकवला. चारही तारा हिरव्या झाल्या तेव्हा तिला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि ती चोरी नेटकी झाली होती. अक्का केस पुसत बाहेर आली, लावून ठेवलेल्या तंबुऱ्याकडे पाहिलं. "अत्तांच लावलीस?" "तुझा वेळ वाचावा म्हणून." अक्का बसली. एक ओळ गाऊन थांबली. परत गायली, वरच्या षड्जाला तिच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या श्रीविद्याला पाठीमागून दिसल्या. अक्का पाणी प्यायली. "बस झालं. प्रवासाचा घसा आहे," म्हणाली. शुक्रवारी सकाळीही तंबुरा आधीच लावलेला होता, तसाच हिरवा, आणि अक्का गाण्याला बसलीच नाही. म्हणाली, देवळांत जाऊन येते. श्रीविद्याने तिला आलं घालून कषाय दिलं. अक्काने ते घेतलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी सभागृहात पुण्याच्या नाटकाचे लोक पडदे बांधत होते. श्रीविद्या पहिल्या रांगेत वेळांचा कागद घेऊन बसली होती तेव्हा विजयराघव येऊन शेजारी बसले, डावीकडे. तिला अर्धवट वळावं लागलं. ते हळू बोलत होते, अवघड गोष्ट सांगताना माणसं बोलतात तसं. तिने त्यांच्या मिशांखालचे ओठ पाहिले. गायत्री अम्मांचा फोन आला होता. उद्या फक्त सूर धरणारी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी हवी म्हणाल्या. तंबुरा नको. "तुम्हाला बोलल्या असतील ना?" श्रीविद्याने मान डोलावली. "मला विचाराल तर," विजयराघव पुढे म्हणाले, "मंच रिकामा दिसेल. फोटोत बरं नाही दिसत. तुम्ही तंबुरा घेऊन बसा, माइक लावू नका म्हणजे झालं. बोटं फिरवत राहा. कोणाला कळतंय?" ते चांगले गृहस्थ होते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कुणाला कळणार नव्हतं. "पाहते, सर," ती म्हणाली आणि कागदावर अक्काच्या नावापुढच्या नव्वद मिनिटांवर पेन्सिल फिरवत राहिली. तर अक्काला कळलं. कान गेला हे अक्काला दोन दिवसांत कळलं, आणि तिने भांडण केलं नाही, विचारलं नाही, परक्या माणसाला फोन करून जागा काढून घेतली. बसमध्ये तिला उभं राहावं लागलं. दांडीला धरून उभी असताना तिला राग यायला हवा होता, पण जे आलं ते सुटकेच्या जवळचं होतं. आता निदान पदराखाली फोन धरावा लागणार नाही. मग गावाच्या वेशीशी आल्यावर राग आला, उशिरा आणि बारीक, चपलेत शिरलेल्या वाळूसारखा.

अक्का ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होती. उन्हं अजून रस्त्यावर होती. श्रीविद्या तिच्या समोर खुर्ची ओढून बसली. "विजयराघव सरांनी सांगितलं." अक्काचे हात थांबले नाहीत. "सांगणारच." "मला सांगता आलं असतं." "तुला?" अक्काने आता मान वर केली. "तूं मला सांगितलीस? दोन दिवस तंबुरा पाचावर लावून माझ्यापुढें ठेवालीस, तें सांगणंच कीं. मी सा लावायच्या आधीं. भिंतीवर घड्याळ टांगावं तसं. पहा, किती वाजले." श्रीविद्याला काही समजेना. "तुझे पाचच आहेत." अक्का हसली, नुसतं नाकातून. "विद्या, तूं तरी असं बोलूं नकोस. चार वर्षं झालीं मला खाली येऊन. आधीं एक केस, मग दोन केस, मग अर्धा कट्टै. जगांत कोणाला माहीत नाहीं. माझ्या नवऱ्याला नाहीं. तुला माहीत होतं. दर वर्षी मी हुंकार द्यायची आणि तूं गप्प खुंटी सैल करायचीस. एक अक्षर बोलली नाहींस. मी चेन्नईला जाऊन देवाला सांगायची, असा कान आणि असं तोंड एका ठिकाणीं दिलंस म्हणून." शेंगांची टरफलं तिने मुठीत गोळा केली. "यंदा तुला कंटाळा आला असेल. किती वर्षं झाकायचं. बरोबर आहे. पण तोंडावर म्हणायचं होतंस, अक्का, तूं उतरलीस म्हणून."

खुंटी सैल केल्याचं श्रीविद्याला आठवत होतं, हाताला आठवत होतं. पण त्या हाताने कधी आकडा धरला नव्हता. हुंकार जिथे असेल तिथे तारा न्यायच्या, एवढंच. चार वर्षं ती अक्काच्या गळ्याबरोबर पायरी पायरी खाली उतरत आली होती आणि तिला वाटत होतं दोघी एकाच जागी उभ्या आहेत. या वर्षी भ्यायली नसती, नेहमीसारखा गाल दांडीला टेकवून हुंकाराची वाट पाहिली असती, तर हाडांनी तिला बरोबर नेलं असतं. मोजलं म्हणून चुकलं. आणि आता ती समोर बसलेली बाई चार वर्षांच्या एका उपकाराचे आभार परत घेत होती, जो केल्याचं श्रीविद्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. गप्प राहिलं तर कानाचा लौकिक वाचत होता. उद्या मंचावर बसता आलं असतं, बोटं फिरवता आली असती, पुढच्या वर्षीही कदाचित. फक्त अक्का मरेपर्यंत समजून चालली असती की धाकटीने शेवटी तिला तिची जागा दाखवली.

"अक्का, मला ऐकू येत नाहीं," ती म्हणाली.

अक्काने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा निवळण्याऐवजी जास्तच थकला. "नको. मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस."

"खरंच. डावा गेला. उजवा अर्धा आहे. आईसारखं."

"मग अत्तां माझ्याशीं बोलालीस ती कशी?"

"तुझं तोंड दिसतं."

"तुला दुसऱ्या आळींतल्या घंटेचा चिरका स्वर कळायचा. विद्या, खोटं तुला कधींच जमलं नाहीं, अत्तां या वयांत कशाला शिकालीस." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "आंत चल. तिकडं तोंड करून बस."

आतल्या खोलीत श्रीविद्या भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर बसली. पंखा फिरत होता. तिला वारा लागत होता. भिंतीवर ओल येऊन रंगाचा एक फुगा आला होता, मार्चआधी खरवडून घ्यायला हवा. अक्काच्या पावलांची थरथर फरशीतून आली आणि थांबली. चाचणी कशी घ्यावी याचा ती विचार करू लागली. अंतर ठरवायला हवं. आवाज आधी हळू, मग पायरीपायरीने वाढवायचा. मध्येमध्ये काहीच न करता थांबायचं, म्हणजे ऐकणारा अंदाजाने हो म्हणत असेल तर सापडतो. अक्काला हे काही माहीत नसणार, ती नेहमीप्रमाणे काहीतरी गुणगुणेल आणि विचारेल. गुणगुणणं कदाचित उजव्या कानाला लागेल. लागलं तर काय करायचं? लागलं नाही म्हणायचं का? आपण खोटं ठरू नये म्हणून आता खोटं बोलावं लागेल की काय, असं वाटून तिला जरासं हसू आलं. खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर एक बोटभर वर सरकली होती. शेजारच्या दिव्यश्रीकडे दूध लागलं होतं, करपलेला वास येत होता. पाय बधिर व्हायला लागला. अक्का अजून कशाची वाट बघतेय, गाणं निवडतेय का? "सुरू कर," ती म्हणाली. मग, थोड्या वेळाने, "सुरू कर कीं, अक्का. पाय दुखाले."

उत्तर आलं नाही तेव्हा ती वळली. अक्का दोन हातांच्या अंतरावर बसली होती, तंबुरा मांडीत उभा धरून. तिची बोटं तारांवरून फिरत होती, मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा, पुन्हा मधलं. तिला ती सवय नव्हती, पण लय सुटत नव्हती. तिचे डोळे श्रीविद्यावर होते.

"कधीं सुरू केलीस?"

अक्काचे ओठ हलले. मग तिला काहीतरी आठवलं असावं, तिने हनुवटी उचलली आणि प्रत्येक शब्द तोंड उघडून सांगितला. "तूं बसल्यापासून."

बोटं आणखी काही वेळ फिरत राहिली. थांबवायची कशी हे अक्काला कळत नसल्यासारखी. शेवटी तिने तळवा तारांवर ठेवला. दोघींपैकी कुणी रडलं नाही. अक्काने कोपऱ्यातली गवसणी ओढून घेतली. तंबुऱ्याला गवसणी घालायला दोघी लागतात, एकीने भोपळा उचलून धरायचा आणि दुसरीने कापड वरून खाली ओढत आणायचं; श्रीविद्याने भोपळा धरला. नाड्या बांधताना अक्का खाली बघून काहीतरी बोलली. मग वर बघून परत बोलली. "तुझ्या सरांना फोन कर. पेटी चारावर लावा म्हणून."

"साडेचार ना?"

"साडेचार मी मलाही सांगत होतें. चार आहे. गेल्या वर्षी तूं लावलीस तें चारच होतं, मी घरीं जाऊन पेटीवर पाहिलें." तिने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "चार म्हणून सांग."

"फोन तूंच कर," श्रीविद्या म्हणाली. "मला त्यांचं बोलणं फोनवर समजत नाहीं. दोन वर्षं झालीं."

अक्काने चष्मा लावून नंबर शोधला. फोन कानाशी धरून ती खिडकीपाशी उभी राहिली, उजेडाकडे तोंड करून, म्हणजे श्रीविद्याला तिचे ओठ दिसत होते. ती तमिळमध्ये बोलत होती. आधी नमस्कार, मग प्रकृती, मग पेटी. नालु, म्हणजे चार, असं ती म्हणाली. पलीकडून बहुधा पुन्हा विचारलं गेलं, कारण अक्का क्षणभर थांबली, खिडकीचा गज धरला, आणि दुसऱ्यांदा तोच आकडा सांगितला.